१८० ची गाडी, ७० ची सरासरी: वेग नेमका कुठे अडतो?

शेंगाचटणी (प्रश्न)

गेल्या महिन्यात मुंबईहून सोलापूरला वंदे भारतने आलो. अंतर सुमारे ४५५ किलोमीटर आणि वेळ साधारण साडेसहा तास, म्हणजे सरासरी ताशी ७० किलोमीटरच्या आसपास. नेहमीच्या गाड्यांच्या तुलनेत हा प्रवास निश्चितच जलद आणि सुखाचा आहे, त्यामुळे ही तक्रार नाही. मला प्रश्न पडला आहे तो वेगळाच. हीच गाडी ताशी १८० किलोमीटरसाठी बांधलेली आहे, आणि डिसेंबर २०१८ मध्ये कोटा विभागातील चाचण्यांत तिने तो वेग गाठूनही दाखवला. दुसऱ्या बाजूला, हावडा–नवी दिल्ली राजधानी १ मार्च १९६९ रोजी सुरू झाली तेव्हा तिचा कमाल वेग १२० होता, आणि आज पन्नासहून अधिक वर्षांनंतरही देशातील बहुतेक उत्तम मार्गांवरची मर्यादा १३० आहे. तेव्हा ताशी १६० ने धावणारी गतिमान एक्सप्रेस २०१६ मध्ये दिल्ली आणि आग्र्याच्या दरम्यान सुरू झाली खरी, परंतु त्यानंतर हा आकडा देशभर पसरलेला दिसत नाही.

याचा अर्थ गाडी बांधता येणे आणि गाडी धावू देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे माझ्यासारख्या बाहेरच्या माणसालाही कळते. मग अडते कुठे? रुळांवर, सिग्नलवर, घाटात, की रुळांच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या आपल्यासारख्या माणसांवर? ज्यांनी रेल्वेत काम केले आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया आकड्यांसह समजावून सांगावे. कोणत्या सरकारने काय केले या वादासाठी दुसरे धागे आहेत; इथे तो नको.

निवृत्त पी-वे (उत्तर)

माझे बहुतेक आयुष्य पी-वेत, म्हणजे रुळांच्या देखभालीत, रुळांवर पायी चालण्यात गेले, त्यामुळे माझे उत्तर रुळांपासूनच सुरू होणार. आपण सरळ मार्गाचा विचार बाजूला ठेवू, कारण सरळ मार्गावर मीटरला ६० किलोचा रूळ, काँक्रीटचे स्लीपर, पुरेशी आणि स्वच्छ खडी आणि जोडकाम नीट असेल, तर १६० हा काही अशक्यप्राय वेग नाही. खरी परीक्षा वळणावर होते.

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला फेकली जाऊ नये म्हणून बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच ठेवतात. या उंचीला आम्ही कॅन्ट म्हणतो. आपल्या ब्रॉडगेजवर एक अंशाच्या वळणाची त्रिज्या १७५० मीटर येते, आणि दोन रुळांच्या मध्यांतील अंतरही जवळपास १७५० मिलिमीटर आहे, त्यामुळे योगायोगाने एक सोपा हिशेब हाती लागतो: ताशी वेगाचा वर्ग करा आणि त्याला १२७ ने भागा, म्हणजे एक अंशाच्या वळणावर पूर्ण समतोलासाठी किती मिलिमीटर कॅन्ट लागेल ते मिळते. ११० साठी ९५, १३० साठी १३३ आणि १६० साठी २०२. वळण दुप्पट तीव्र, म्हणजे दोन अंशांचे असेल तर हे आकडे दुप्पट होतात.

आता कोणी म्हणेल की मग बाहेरचा रूळ २०२ मिलिमीटर उचला आणि मोकळे व्हा. तसे करता येत नाही, कारण त्याच रुळावरून ताशी ६० ने कोळशाची मालगाडीही जाते, आणि तिला त्याच वळणावर अवघे २८ मिलिमीटर पुरतात. कॅन्ट तिच्या गरजेपेक्षा फार जास्त झाला तर तिचा सगळा भार आतल्या रुळावर येतो, तो रूळ चेपतो, झिजतो, आणि मालगाडी वळणावर थांबून पुन्हा निघताना धोका आणखी वाढतो. म्हणून असा अधिकचा कॅन्ट ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवायचा नाही, असा नियम आम्ही पाळत आलो. २८ अधिक ७५ म्हणजे १०३. त्याच्या वर जी तूट राहील ती वेगवान गाडीच्या प्रवाशाला बाहेरच्या बाजूला झुकल्यासारखी जाणवते. माझ्या काळात ही तूट नेहमी ७५, आणि चांगल्या मार्गांवर मंजुरीने १०० मिलिमीटरपर्यंत चालत असे. १०३ आणि ७५ मिळून १७८ होतात, म्हणजे वेग १५० च्या आसपास थांबतो. तूट १०० धरली तर बेरीज २०३ होते आणि १६० कसाबसा बसतो, एका मिलिमीटरच्या फरकाने. हे झाले एका अंशाच्या, म्हणजे डब्यातून पाहिले तर सरळच भासणाऱ्या वळणाबद्दल. दोन अंशांच्या वळणावर हाच हिशेब केला तर ११५ ते १२० च्या पुढे जाता येत नाही, मग गाडी कुठल्याही कारखान्यातून आलेली असो.

उपाय दोनच. एक, वळणाची त्रिज्या वाढवणे. त्यासाठी जमीन लागते, आणि वळणाच्या शेजारी बहुधा एखादे गाव, कालवा किंवा पूल असतोच, कारण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी मार्ग आखला त्यांनी ते चुकवण्यासाठीच तर वळण घेतले होते. दोन, मालगाड्या त्या मार्गावरून काढून घेणे. दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा सुमारे १५०० किलोमीटरचा पश्चिम मालवाहतूक मार्ग वेगाच्या चर्चेत क्वचितच येतो, पण माझ्या मते प्रवासी गाड्यांचा वेग वाढवण्यासाठी झालेले ते या पिढीतील सर्वांत मोठे काम आहे.

आणखी एक मुद्दा सांगतो, जो बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. स्थानकाजवळ जिथे एक मार्ग दुसऱ्याला मिळतो, तिथे रुळांमध्ये क्रॉसिंगपाशी एक बारीक फट असते आणि प्रत्येक चाक ती फट उडी मारून ओलांडते. १०० च्या आसपास ती नुसती खट्ट वाजते; वेग वाढला की तोच आघात कितीतरी पट होतो, क्रॉसिंगचे नाक तुटते, खालची खडी पिठासारखी होते. यासाठी जाड पात्याचे स्विच (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे सरकते रूळ) आणि वेल्ड करता येणारी क्रॉसिंगे बसवली जात आहेत. पण ती बसवायला आणि नंतर सांभाळायला मार्ग काही तास बंद ठेवावा लागतो, आणि दिवसाला शेकडो गाड्या ज्या मार्गावर आहेत तिथे असा ब्लॉक मिळवणे हे वळण सरळ करण्याइतकेच अवघड आहे. मंजूर झालेला ब्लॉक ऐन वेळी अर्ध्यावर आणला गेल्याचे प्रसंग मी इतके पाहिले आहेत की त्यांची मोजदाद ठेवणे मी सोडून दिले होते.

पिवळा सिग्नल (उत्तर)

वरील उत्तर उत्तम आहे. त्याला सिग्नलची बाजू जोडतो. गाडी किती वेगाने धावू शकते यापेक्षा ती किती अंतरात थांबू शकते हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. वेग दीडपट झाला की थांबण्याचे अंतर सव्वादोन पट होते. चांगल्या ब्रेकच्या गाडीचा वेग दर सेकंदाला ०.८ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो असे धरले, तर ११० वरून थांबायला सुमारे ५८५ मीटर, १३० वरून ८१५ मीटर आणि १६० वरून जवळपास १२३५ मीटर लागतात. यात चालकाला सिग्नल दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. शिवाय रूळ ओला असेल, किंवा गाडी उतारावर असेल, तर हे सगळे आकडे वाढवून घ्यावेत.

म्हणूनच अधिक वेगाच्या मार्गांवर होम सिग्नलच्या, म्हणजे स्थानकात शिरू देणाऱ्या सिग्नलच्या, आधी एक नव्हे, दोन डिस्टंट, म्हणजे पूर्वसूचना देणारे, सिग्नल असतात, एक सुमारे १ किलोमीटरवर आणि दुसरा २ किलोमीटरवर. पण १६० च्या वेगात गाडी दर सेकंदाला ४४ मीटर पुढे जाते. उत्तरेतल्या जानेवारीच्या धुक्यात दोनशे मीटरवरचा सिग्नल दिसला, तर तो वाचायला लोको पायलटला साडेचार सेकंद मिळतात. माणसाच्या डोळ्यांवर आणि जागरूकतेवर एवढा भार टाकणे योग्य नाही, आणि म्हणून १३० च्या वर जायचे असेल तर सिग्नलची माहिती इंजिनात आणणारी आणि गरज पडल्यास स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा हवीच, अशी रेल्वेची भूमिका आहे.

ही यंत्रणा म्हणजे कवच. ती २०२० मध्ये राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली, दक्षिण मध्य रेल्वेवर सुमारे १४६५ किलोमीटरवर प्रथम बसली, आणि तिच्या ४.० या आवृत्तीला जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली. रुळांमध्ये बसवलेल्या आरएफआयडी टॅगवरून, म्हणजे रेडिओने वाचता येणाऱ्या खुणांवरून, इंजिनाला आपण कुठे आहोत ते कळते, स्थानकातील यंत्र रेडिओवरून पुढच्या सिग्नलची स्थिती आणि जाण्यास मोकळे असलेले अंतर कळवते, आणि लोको पायलटने वेग कमी केला नाही तर यंत्र ब्रेक लावते. इंजिने, स्थानके, मनोरे, टॅग आणि ऑप्टिकल फायबर या सगळ्यांचे जाळे पूर्ण झाल्याखेरीज त्याचा पूर्ण उपयोग होत नाही, त्यामुळे एखाद्या इंजिनावर कवच आहे असे वाचून निश्चिंत होऊ नये. त्या मार्गावरही ते हवे.

मात्र इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कवच म्हणजे सर्व अपघातांवरचा उतारा नव्हे. बालासोरजवळच्या बाहानगा बाजार स्थानकात २ जून २०२३ रोजी कोरोमंडल एक्सप्रेस ताशी १२८ किलोमीटरच्या वेगाने लूप लाइनवर, म्हणजे स्थानकात गाड्या बाजूला उभ्या करण्याच्या मार्गावर, शिरली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. जवळपास ३०० माणसे दगावली. लोको पायलटला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, पॉइंट, म्हणजे गाडीला वळवणारा सांधा, मात्र लूपकडे वळलेला होता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या जोडणीत पूर्वी केलेला बदल आणि त्या दिवशी चाललेल्या फाटकाच्या कामातील चुका पुढे आल्या. त्या मार्गावर कवच नव्हते, हे खरे; परंतु कवचाला जी माहिती मिळते ती शेवटी त्याच इंटरलॉकिंगमधून, म्हणजे पॉइंट आणि सिग्नल यांचा मेळ राखणाऱ्या यंत्रणेतून, मिळते. इंटरलॉकिंगच जर मार्ग सरळ आहे असे सांगत असेल, तर कवचही तेच मानणार. गाडीने तिथे कोणतीही वेगमर्यादा मोडलेली नव्हती. वेग वाढवताना मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याची: रिले रूममध्ये, म्हणजे सिग्नलच्या जोडणीच्या खोलीत, घाईत बदललेली आणि नंतर न तपासलेली एक वायर. ११० ला तिची जी किंमत मोजावी लागते, ती १६० ला दुपटीहून जास्त असते, कारण आदळण्याची ऊर्जाही वेगाच्या वर्गानेच वाढते.

कवचाला रुळांवरची म्हैस दिसत नाही, तुटलेला रूळही दिसत नाही. ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळांतूनच सोडलेला विजेचा प्रवाह, असेल तर रूळ पूर्ण तुटल्यावर सिग्नल लाल होतो. जिथे ॲक्सल काउंटर आहेत तिथे तेवढेही कळत नाही, कारण ते फक्त चाके मोजतात. थंडीच्या पहाटे रूळ आकसून तुटतात तेव्हा शेवटी तो रुळांवर पायी फिरून तपासणी करणाऱ्या कीमॅनच्याच डोळ्यांना दिसतो.

जनरल डबा (उत्तर)

दोन्ही जाणकारांचा आदर ठेवून थोडी निराळी बाजू मांडतो. आपण सगळे १६० ची चर्चा करतो आहोत, पण रोज आरक्षणाविना प्रवास करणाऱ्याला १६० ची गाडी मिळणार नाही. त्याची पॅसेंजर मात्र त्या गाडीला वाट देण्यासाठी लूपमध्ये उभी राहणार. ज्या ६० किलोमीटरला मालगाडीला एक तास लागतो, तेच अंतर १३० ची गाडी २८ मिनिटांत कापते, म्हणजे तिच्यासाठी पुढचा अर्धा तास मार्ग रिकामा करून द्यावा लागतो. एका गाडीचा वेग वाढवायचा तर दहा गाड्यांचा वेळ द्यावा लागतो, हे कुठेतरी स्पष्ट लिहिलेले असावे.

दुसरे म्हणजे कुंपण. मुंबई–गांधीनगर वंदे भारत सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस सुरू झाली आणि ६ ऑक्टोबरला अहमदाबादजवळ म्हशींवर आदळून तिचे नाक फुटले. दुसऱ्या दिवशी आणंदजवळ गाय, महिनाअखेर वलसाडजवळ अतुलला पुन्हा तोच प्रकार. त्यानंतर त्या मार्गाच्या कडेने सुमारे ६२० किलोमीटर लोखंडी पट्ट्यांचे कुंपण घातले गेले. गाडीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्याचे घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला आहे, त्याने काय करायचे? आमच्या गावाजवळचे फाटक बंद करून त्या जागी भुयारी मार्ग केला. पावसाळ्यात त्यात कमरेएवढे पाणी साचते, आणि मग शाळेची मुले जिथून कुंपण वाकवलेले आहे तिथूनच रूळ ओलांडतात. म्हणजे कुंपण घातल्यामुळे ओलांडणे थांबले नाही, ते फक्त फाटकावरून, जिथे गेटमन होता तिथून, आडवळणाला गेले.

शेंगाचटणी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. जनरल डबा यांचा मुद्दा बाजूला सारण्याजोगा नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

निवृत्त पी-वे यांचा हिशेब वाचल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि एक गोष्ट पाहून चकित झालो. १०० किलोमीटरच्या सरळ मार्गावर वेग १३० वरून १६० केला तर ४६ मिनिटांचा प्रवास साडेसदतीस मिनिटांवर येतो, म्हणजे साडेआठ मिनिटे वाचतात. आणि त्यासाठी कवच, दोन्ही बाजूंचे कुंपण, विजेच्या तारांवरील वाढीव ताण, नवी क्रॉसिंगे हा सगळा खर्च. उलट केवळ १० किलोमीटरचा एखादा टापू ३० च्या मर्यादेत असेल आणि तो ११० ला आणता आला, तर तेवढ्यातच साडेचौदा मिनिटे वाचतात. मग आपण कमाल वेगाच्या मागे का लागलो आहोत? सर्वांत मंद जागा शोधून त्या दुरुस्त करणे अधिक शहाणपणाचे नाही का? की मुंबई–अहमदाबादप्रमाणे सरळ नवा मार्गच बांधणे हा एकमेव खरा उपाय आहे?

पिवळा सिग्नल (उत्तर)

मुंबई–अहमदाबादचा मार्ग हा या प्रश्नाचे उत्तर नसून प्रश्नच बदलणे आहे. तिथे ५०८ किलोमीटर, ताशी ३२० चा वेग, १४३५ मिलिमीटरचे स्टँडर्ड गेज, बहुतांश मार्ग उंच खांबांवर, फाटक एकही नाही, मालगाडी नाही, पॅसेंजर नाही, आणि भूकंपाचे पहिले हादरे ओळखून वीज तोडणारी यंत्रणा. वर जे अडथळे आले ते सगळे बांधकामाच्या आधीच आराखड्यातून काढून टाकलेले आहेत. याचे लहान रूप दिल्ली–मेरठ नमो भारत या प्रादेशिक जलद रेल्वेमध्ये २०२३ पासून चालू आहे: वेग १६० च, पण स्वतंत्र मार्ग, इंजिनातच सिग्नल, फलाटावर दरवाजे. म्हणजे १६० हा आकडा आपल्या तंत्रज्ञांना जड नाही. जुन्या मार्गावर, इतर सगळ्यांच्या सोबतीने तो चालवणे जड आहे.

मात्र नवा आणि जुना मार्ग जिथे एकमेकांना मिळतात तिथे फार जपावे लागते. स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेलाजवळ जुलै २०१३ मध्ये अतिवेगाच्या मार्गावरून आलेली गाडी ८० ची मर्यादा असलेल्या वळणावर दुपटीहून अधिक वेगाने गेली आणि उलटली. सलग देखरेख करणारी यंत्रणा त्या वळणापर्यंत पोहोचतच नव्हती. पुढचे सगळे एका माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडलेले होते.

करबुड्याचा बोगदा (उत्तर)

मंद जागांचा विषय निघाला म्हणून कोकण रेल्वेचे उदाहरण देतो. रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. तो ज्यांनी आखला त्यांनी १६० चा वेग डोळ्यांसमोर ठेवला होता. म्हणून तर डोंगराला वळसा न घालता ९० हून अधिक बोगदे खणले, दऱ्यांवर उंच पूल बांधले. वर दिलेल्या वळणाच्या हिशेबात पाहिले तर हा मार्ग अनेक जुन्या मार्गांपेक्षा सरस आहे.

पण वळण काढायचे तर डोंगर कापावा लागतो, आणि कापलेला डोंगर कोकणच्या पावसात उभा राहतोच असे नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, आंबवली पुलापाशी रुळांवर आलेल्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. तेव्हापासून आमच्याकडे पावसाळ्याचे निराळे वेळापत्रक असते. कटिंगमध्ये दरडींना जाळ्या लावल्या, उतार पायऱ्यांसारखे करून सौम्य केले, रात्रंदिवस गस्त ठेवली, आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ताशी ४० ने जायचे असा दंडक घातला. मुंबई–मडगाव वंदे भारत जून २०२३ मध्ये सुरू झाली ती ऐन पावसाळ्यातच. एरवी पावणेआठ तासांत पोहोचणारी ही गाडी पावसात दहा तासांच्या आसपास घेते.

सांगायचे हे की इथे मंद जागा नकाशावर खूण करून दुरुस्त करता येईल अशी नाही. ती जूनमध्ये उगवते आणि ऑक्टोबरमध्ये नाहीशी होते, आणि दर वर्षी तिथेच उगवेल याची खात्री नसते. मी चिपळूणहून मुंबईला येताना पावसाळ्यात गाडी हळू झाली की डब्यात कोणीतरी हमखास कुरकुर करते. ज्यांना २००३ आठवते ते कुरकुर करत नाहीत.

निवृत्त पी-वे (उत्तर)

शेंगाचटणी यांचा हिशेब बरोबर आहे, आणि मी नोकरीत असताना वरिष्ठांना तो निरनिराळ्या शब्दांत अनेकदा सांगितला. कमाल वेगाचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. ३० ची मर्यादा ७५ झाली ही बातमी कोणी छापत नाही. तरीही दोन दुरुस्त्या सुचवतो.

पहिली, काही मंद जागा मंदच राहणार. तुमच्याच प्रवासातला बोरघाट घ्या. कर्जत ते लोणावळा चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर. नेहमीच्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिने जोडावी लागतात. वंदे भारतमध्ये निम्म्या चाकांना मोटर असल्याने ती बँकरशिवाय चढते, आणि इंजिने जोडण्या-सोडण्याचा वेळ वाचतो. घाटासाठी तिला वेगळे पार्किंग ब्रेकही दिलेले आहेत. पण उतरताना मोटर किती आहेत याला महत्त्व नसते. उतारावर गाडी हातातून सुटली तर तिला वळवून वाळूत रुतवण्यासाठी घाटात कॅच सायडिंग ठेवलेली आहेत, यावरूनच त्या उताराबद्दल रेल्वेचे मत काय आहे ते समजावे. तिथला वेग वाढवायचा तर नवा घाट आणि लांब बोगदेच हवेत. जुन्याला रंगरंगोटी करून ते होणार नाही.

दुसरी दुरुस्ती तुमच्या साडेचौदा मिनिटांबद्दल. प्रत्यक्षात नुकसान त्याहून जास्त असते, कारण ३० च्या जागेपर्यंत येताना ब्रेक लावावा लागतो आणि सुटल्यावर पुन्हा वेग घ्यावा लागतो. इथे मात्र वंदे भारतचा खरा गुण दिसतो, आणि तो १८० मध्ये नाही: ती शून्यावरून १०० ला मिनिटभरात जाते, इंजिनाने ओढलेल्या गाडीला त्यासाठी कितीतरी जास्त वेळ लागतो. ज्या मार्गावर मर्यादा वारंवार येतात तिथे हा गुण कमाल वेगापेक्षा अधिक मिनिटे वाचवतो. शिवाय तिचा प्रत्येक ॲक्सलवरचा भार २० टनांहून अधिक ॲक्सल भार असलेल्या इंजिनापेक्षा हलका आहे, त्यामुळे आमचे रूळही तिच्यावर कमी रागावतात.

पुढच्या वेळी खिडकीची जागा मिळाली तर एक करून पाहा. रुळांच्या कडेला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत वेगाचा आकडा दिसेल, ३०, ४५ किंवा ७५. तिथून मर्यादा सुरू होते. ती संपल्याच्या पाट्या दोन असतात: एकीवर टी आणि पी, आणि तिच्या बऱ्याच पुढे दुसरीवर टी आणि जी. पहिली प्रवासी गाडीसाठी, दुसरी मालगाडीसाठी. दोन्ही मर्यादेच्या जागेपासून मुद्दाम दूर ठेवलेल्या असतात, कारण इंजिनाने खराब जागा ओलांडली तरी शेवटचा डबा अजून तिथेच असतो. पाटी ते पाटी घड्याळ लावा आणि सोलापूरला उतरल्यावर बेरीज करून इथे टाका. कुठल्या पाट्या घाटाच्या, कुठल्या जुन्या पुलाच्या आणि कुठल्या केवळ ब्लॉक मिळाला नाही म्हणून महिनोन्महिने उभ्या आहेत, हे किलोमीटरचा दगड सांगितलात तर बहुतेक मी सांगू शकेन.